नायिका डोक्यात का जाते? एका ऐतिहासिक प्रेमकादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रकल्प नोंदी

२ जून
हाती आलेला मजकूर: पहिली आवृत्ती, डेमी आकार, ३३६ पानं, म्हणजे सोळा पानी २१ फॉर्म. ३४ प्रकरणं, अंदाजे एक लाख शब्द. काळ १७९५ ते १७९८, जागा पुणे आणि निजामाविरुद्धची खर्ड्याची मोहीम. नायिका ब्राह्मण सरदाराची मुलगी, वय २२, अविवाहित. नायक शिलेदार. प्रकाशकाकडे आलेले वाचकांचे २७ अभिप्राय सोबत जोडलेत. त्यांतले १९ नायिकेबद्दल आहेत आणि बहुतेकांचा शब्द एकच, ‘डोक्यात जाते’. का जाते, हे कुणी धड सांगत नाही. ते शोधणं वाचकाचं कामही नाही.

अट एकच: पानं २१ फॉर्मच्या आत बसली पाहिजेत, किंमत वाढवायची नाही.

पहिलं वाचन फक्त शिसपेन्सिलीनं, दुरुस्ती एकही नाही. भाषा आधी घासूनपुसून घेतली की मग तेच प्रकरण कापायला हात धजत नाही. लक्ष उडालं तिथे समासात उभी रेघ, नायिकेनं काही ठरवलं तिथे गोल. तीन दिवसांत पुस्तक संपलं. पान ९६ ते २१४ मध्ये रेघा इतक्या दाट की समास काळा दिसतोय.

५ जून
गोलांचा तक्ता केला. रकाने चार: काय ठरवलं, तेव्हा तिला काय ठाऊक होतं, आड काय आलं, किंमत काय पडली.

पूर्ण पुस्तकात निर्णय २३. त्यांतले १७ ती त्याच किंवा पुढच्या प्रकरणात फिरवते. ‘आता त्यांचं तोंडही पाहणार नाही’ हे तीन वेळा ठरतं आणि तिन्ही वेळा पान उलटायच्या आत ती सज्जात उभी असते. चौथा रकाना जवळजवळ कोरा आहे. तिच्या एकाही निर्णयाची किंमत तिला स्वतःला पडत नाही. पडते ती दासीला, वडिलांना, नायकाच्या घोड्याला.

दुबळी नायिका वाचक सहज सोसतो. चुकणारी तर त्याला आवडतेच. जिच्या चुकीचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं, ती मात्र डोक्यात जाते. अभिप्रायांमध्ये ‘रडकी’, ‘आगाऊ’, ‘फार आधुनिक’ असे एकमेकांशी न जुळणारे शब्द आलेत, त्यांच्या मुळाशी हा कोरा रकाना असावा.

९ जून
एका वाक्याची कसोटी लावली. कथेतला मोठा पेच कोणत्या एका वाक्यानं सुटला असता? आणि ते वाक्य न बोलण्याचं कारण त्या पात्राकडे आहे का?

प्रकरण ९ मध्ये नायक तिला पहाटे एका तरुणाच्या हातात अंगठी देताना पाहतो. तो तिचा मामेभाऊ. ‘तो माझा मामेभाऊ’ या तीन शब्दांसाठी आपण प्रकरण २३ पर्यंत थांबतो, म्हणजे ११८ पानं. मधल्या काळात दोघं अकरा वेळा भेटतात. प्रत्येक भेटीत ती ओठ दाबते, मान फिरवते, किंवा कुणीतरी हाक मारतं.

नेहमीचा उपाय म्हणजे गप्प राहण्याला एखादं गुपित चिकटवणं: मामेभाऊ फरार आहे, तिनं शपथ घेतलीय वगैरे. आम्ही तसं करून पाहिलं. एक गुपित सांभाळायला आणखी तीन लागली, पानं वाढली. मग उलटं केलं, ते वाक्य तिला नवव्या प्रकरणातच बोलू दिलं. पुढची कथा जागच्या जागी कोसळली. निदान झालं: पुस्तकाला गैरसमजाखेरीज दुसरा पेचच नाही.

१३ जून
काळाची छाननी, वस्तूंपासून. हे काम कंटाळवाणं, पण आधी उरकलेलं बरं.

काडी ओढून समई लावणं बाद. घासून पेटणारी काडी इंग्लंडातसुद्धा १८२७ मध्ये विकायला आली. इथे चकमक, गारगोटी आणि कापूस, किंवा रात्री राखेखाली जपलेला निखारा. निखारा विझला म्हणून शेजारी विस्तव मागायला जाणं ही बाईला घराबाहेर पडायची खरी सबब आहे. राखून ठेवली, पुढे कामाला येईल.

उपासाची साबुदाण्याची खिचडी बाद. टॅपिओकापासून साबुदाणा करण्याचा धंदा सेलमकडे १९४० च्या दशकात उभा राहिला. वरीचे तांदूळ, दूध, केळी ठेवली. बटाटा आणि चहा काढले. मिरची मात्र लेखिकेनं स्वतःच धास्तीनं सगळीकडून काढली होती, ती परत घातली. पोर्तुगीजांबरोबर आलेली मिरची तोवर इथे चांगली रुळली होती.

नायिका पेटी वाजवते. हार्मोनियम हे १८४० च्या दशकात युरोपात घडलेलं वाद्य. तंबोरा केला.

‘पाच मिनिटांत’, ‘तासाभरानं’ असे ६४ उल्लेख. घटका २४ मिनिटांची, प्रहर तीन तासांचा. पण प्रत्येक ठिकाणी घटका घातली तर पंचांग वाचल्यासारखं होतं. चाळीसएक जागी काळ कामानं मोजला: भाकरी भाजून होईतो, म्हैस पिळून होईतो.

घाशीराम कोतवाल १७९५ मध्ये नायिकेवर डोळा ठेवतो. तो १७९१ मध्येच मारला गेला होता. सबंध उपकथानक गेलं, १४ पानं वाचली. खलनायकाचं दुःख कुणाला झालं नाही.

१६ जून
खर्ड्याची रात्र. पुस्तकातलं सगळ्यांत गाजलेलं प्रकरण, आणि चुकाही सगळ्यांत जास्त इथेच.

लढाई ११ मार्च १७९५ ची. रात्री ‘पौर्णिमेच्या दुधाळ चांदण्यात’ नायिका जखमी नायकाला शोधते. चंद्र तपासायला जुनं पंचांग मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर गणित करायचं. ठाऊक असलेली अमावास्या घ्यायची, उदाहरणार्थ ६ जानेवारी २०००. ११ मार्च १७९५ पासून तिथपर्यंत ७४,८१० दिवस. एका चांद्रमासाचे २९.५३०५८८ दिवस. भागाकार २५३३, बाकी साधारण ९. म्हणजे लढाईनंतर नऊ दिवसांनी अमावास्या. फाल्गुन वद्य पक्ष, शके १७१६. पौर्णिमा उलटून सहाएक दिवस झालेले, चंद्र उगवणार मध्यरात्रीच्या जरा आधी. ही पद्धत एखाद्या दिवसानं चुकू शकते, चांदणं की अंधार एवढं ठरवायला पुरेशी आहे. दिवस मोजताना १८०० आणि १९०० ही लीप वर्षं नव्हती, हे विसरलं की दोन दिवसांचा घोळ होतो. आमचा पहिल्या खेपेला झाला.

संध्याकाळपासून चार-पाच तास काळोख, हातात हिलाल म्हणजे मशाल, आणि मग उशिरा उगवलेला उतरता चंद्र. प्रसंग आयता सुधारला. चांदण्यात माणूस लगेच सापडतो. काळोखात प्रत्येक तोंडाजवळ हिलाल न्यावा लागतो.

दुसरं: ती पुण्याहून एकटी घोड्यावर निघून ‘त्याच रात्री’ पोचते. अंतर साधारण ६० कोस. सांडणीस्वारालाही ते एका रात्रीत जमायचं नाही. तिला तिथे न्यायचंच असेल तर फौजेमागच्या बुणग्यांत, म्हणजे बाजारकरी, बायकापोरं, बैलं, तंबू यांच्यात आधीपासून ठेवावी लागेल.

तिसरं: त्याच वर्षीच्या दिवाळीत शनिवारवाड्यावर रोषणाई आणि आतषबाजी, त्यात प्रेमाची कबुली. सवाई माधवराव २५ ऑक्टोबरला वाड्याच्या माडीवरून पडले, २७ ला गेले. दिवाळी त्यानंतर पंधरवड्यावर. गादीला वारस नाही, कारभाऱ्यांत खलबतं चालू, आणि इथे भुईनळे उडतायत!

१७ जून
शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा. बारगीर सरकारी घोड्यावर. पुस्तकात नायक शिलेदार आहे आणि प्रकरण १९ मध्ये ‘सरकारचा घोडा मेला, आता दुसरा मिळेल’ म्हणतो. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची रोजी मेली. हे लक्षात आलं तेव्हा नायकाला पुस्तकात पहिल्यांदा काहीतरी गमावण्यासारखं मिळालं. दुरुस्ती एका ओळीची, परिणाम सहा प्रकरणांवर.

२१ जून
भेटीच्या जागा. अकरा भेटींपैकी सात नदीकाठी पाणी भरताना, तीन मध्यरात्री वाड्यामागच्या बागेत, एक देवळात.

सरदाराच्या मुलीनं मुठेवर घागर घेऊन जायचं कारण नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळ आणला गेला, शहरात हौद बांधले गेले, मोठ्या वाड्यांतून आड असत. पाणी दारात, आणि भरायला गडीमाणसं. पाणवठा सिनेमातून आलाय. मध्यरात्रीचं तर त्याहून अवघड: रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर फिरणाऱ्याला कोतवालाची माणसं धरून चावडीत बसवत. नायक तीनदा येतो आणि तीनदा शीळ घालत परत जातो.

इथे दोन्ही तक्ते शेजारी ठेवले, निर्णयांचा आणि काळाचा. जिथे जिथे काळाची चूक, तिथे तिथे तिसरा रकाना कोरा. तोफ नाही, म्हणून बाहेर पडायला भीती नाही. अंतर नाही, म्हणून वाट पाहणं नाही. सुतक नाही, म्हणून कबुली कधीही द्यावी. लेखिकेनं अठराव्या शतकातला प्रत्येक अडसर काढून टाकला, आणि अडसर तर लागतोच, म्हणून तो नायिकेच्या स्वभावात कोंबला. आपण तिला लहरी म्हणतो, पण तिच्या वाटेतल्या भिंती दुसऱ्याच कुणीतरी पाडल्यात. तेव्हा तिच्या स्वभावाला हात लावायचा नाही. भिंती परत बांधायच्या.

२७ जून
सगळ्यांत मोठी भिंत म्हणजे वय. ब्राह्मण सरदाराच्या घरी २२ वर्षांची अविवाहित मुलगी १७९५ मध्ये असणं शक्य नाही. लग्नं आठ-दहाव्या वर्षी होत. पर्याय मांडले.

पहिला: ती विवाहित, नवरा मोहिमेवर बेपत्ता. याला जवळचा दाखला पार्वतीबाईंचा. त्यांचे पती सदाशिवरावभाऊ पानिपतावरून परतले नाहीत, तरी त्यांनी १७८३ मध्ये मरेपर्यंत स्वतःला विधवा मानलं नाही. पेच जबरदस्त. पण मग ती प्रेमकथा उरत नाही, वाट पाहण्याची कथा होते.

दुसरा: बालविधवा. ब्राह्मण घरात पुनर्विवाह बंद. खर्ड्याला ज्यांच्याकडे सेनापतिपद होतं त्या परशुरामभाऊ पटवर्धनांनी आपल्या विधवा मुलीचं लग्न पुन्हा करायचा विचार केला आणि विरोधापुढे सोडला, असं परंपरेनं सांगतात. भाऊंना जे साधलं नाही ते आमच्या नायकाला प्रकरण ३३ मध्ये साधतंय, हे पटणार नाही.

तिसरा: ती कुणबी घरातली विधवा. तिथे पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लागतो. म्हणजे दार उघडं आहे, पण उंबरठा उंच. आम्ही तिसऱ्याच्या बाजूचे.

४ जुलै
लेखिकेसोबत बैठक, चार तास. त्यांचा आक्षेप रास्त होता: ‘वाचक वाडा, पैठणी, मेणा पाहायला येतो. तुम्ही मला गोठ्यात बसवताय.’ त्यावर तडजोड अशी: नायिकेचं घर पर्वतीच्या पायथ्याच्या गावात, म्हशी चार, शुक्रवार पेठेतल्या एका वाड्यावर दुधाचा रतीब. वाडा राहिला, पण तो मागच्या दारानं दिसतो. मुदपाकखाना, कोठी, धुण्याची जागा, बायकांची बोलणी. वाड्याची सात प्रकरणं होती, त्यांतली तीन गेली, चार राहिली. पैठणी एकदाच येते, दोरीवर वाळत.

नायकही कुणबी, बापजाद्यांची थोडी जमीन, एक घोडा. तिला पहिल्या नवऱ्यापासून पाच वर्षांचा मुलगा.

मुलगा ही सूचना लेखिकेची. बैठकीतली सगळ्यांत मोलाची.

११ जुलै
त्या काळच्या पाटाचं टिपण. पाट हे लग्न असलं तरी पहिल्या लग्नाचा मान त्याला नाही. लागतो रात्री, बहुधा अंधाऱ्या पाखात. सवाष्णी तिथे थांबत नाहीत, त्यांनी पाहणं अशुभ. वराचं पहिलंच लग्न असेल तर आधी त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावतात, म्हणजे विधवेशी लागणारा पाट त्याचं दुसरं लग्न ठरतो. सरकारात पाटदाम भरावा लागतो. आणि मुख्य गोष्ट: पहिल्या घरची पोरं, दागिने, जमीन पहिल्या घरीच राहतात.

शेवटच्या वाक्यात नवा पेच आहे आणि तो कसोटीला उतरतो. नायिका दहाव्या प्रकरणात सगळं सांगून टाकते, नायकाला सगळं कळतं, तरी काही सुटत नाही. पाट लावला तर पोर दिराकडे. नाही लावला तर जन्मभर दिराच्या घरी.

मूळ शेवटात शनिवारवाड्यात चौघडा वाजत लग्न होतं. नव्या शेवटचा मसुदा: गावाबाहेर रुईचं झुडूप, त्याला गुंडाळलेलं हळदीचं सूत, नायकाच्या बोटांना रुईचा चीक. ‘डोळ्याला हात लावू नगा,’ ती म्हणते. चीक डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, हे शेतकऱ्याच्या घरात पोराला कळतं. अख्ख्या प्रसंगात प्रेमाचं वाक्य हे एवढंच. लेखिकेनं ते एका बैठकीत लिहिलं, आम्ही स्वल्पविरामालाही हात लावला नाही.

१९ जुलै
संवाद. पहिल्या आवृत्तीत, पान १३१:

‘मला थोडा वेळ हवा आहे. मी माझ्या भावनांविषयी खूप गोंधळलेली आहे.’

हे मराठी डब केलेल्या मालिकेतलं आहे. वेळ ‘हवा’ असणारी आणि ‘भावनांविषयी’ बोलणारी माणसं त्या शतकात नव्हतीच असं नाही, पण ती या शब्दांत बोलत नव्हती. नवं:

‘पाटाची गोष्ट आत्ता काढू नगा. दीर दारात बसलाय. पोर त्येच्या मांडीवर हाय.’

शब्द जवळपास तेवढेच. ती कुठे उभी आहे, कशाला घाबरते, काय हवंय, सगळं आलं.

बोलीचं प्रमाण ठरवलं. प्रत्येक शब्द बोलीत लिहिला तर तिसऱ्या पानावर वाचक अडखळतो, आणि लिहिणाऱ्याची बोली कच्ची असेल तर ती नाटकातली गावंढळ भाषा होते. म्हणून फक्त क्रियापदांची रूपं, ‘न्हाई’, ‘हाय’, ‘नगा’, ‘त्येच्या’ आणि असे वीसएक शब्द. यादी भिंतीवर लावली, त्याबाहेर जायचं नाही. निवेदन प्रमाण मराठीत. संबोधनं: ती त्याचं नाव घेत नाही. पाटाआधी ‘शिलेदार’, तेही लोकांदेखत. एकांतात नुसतं ‘तुमी’. दिराला ‘भावजी’. वाड्यावरच्या बाईंना ‘बाईसाहेब’. मूळ पुस्तकात ती नायकाला ‘राजे’ म्हणत होती, ९० वेळा. शोधून काढले आणि एकेक हातानं बदलले. यंत्रावर सरसकट बदल केल्यानं एका ठिकाणी ‘राजेशाही’चं ‘शिलेदारशाही’ झालं होतं.

अश्रू, आसवं, पाणावलेले डोळे, हुंदका: एकूण ६१ जागा. आता ९.

२६ जुलै
पत्रं. मूळ पुस्तकात ती मोडीत प्रेमपत्रं लिहिते, सात. नव्या नायिकेला लिहिता येत नाही, तेव्हा सातही गेली. निरोप तोंडी, म्हणजे तिसऱ्या माणसाच्या तोंडून, म्हणजे तो बदलणार आणि फुटणार. हाही अडसर फुकटात मिळाला.

एक सरकारी कागद कथेत हवा होता. मायना, मजकूर, तारीख यांची ठेवण दप्तरातल्या छापील पत्रांवरून घेतली. सन अरबी शब्दांत: मार्च १७९५ ला ‘खमस तिसैन मया व अलफ’. शब्द उलट्या क्रमानं वाचायचे: पाच, नव्वद, शंभर, हजार, म्हणजे ११९५. त्यात ५९९ मिळवले की १७९४, आणि हे वर्ष मृगापासून मृगापर्यंत चालतं, म्हणून मार्चपर्यंत १७९५ उजाडलेलं असतं. या वर्षाच्या पूर्वार्धात (जून ते डिसेंबर) ५९९ आणि उत्तरार्धात ६०० मिळवायचे, इथे हमखास चूक होते.

दुसरा सापळा: लेखिकेनं कागदात नायिकेला ‘कुणबीण’ म्हटलं होतं. पेशवाईच्या दप्तरात कुणबीण म्हणजे विकत घेतलेली दासी. एका शब्दानं नायिका गुलाम झाली असती. ‘कुणबी याची बायको’ केलं.

६ ऑगस्ट
नव्या मसुद्याची पहिली २० प्रकरणं पाच वाचकांना दिली. पाचांपैकी चौघांचा अडथळा प्रकरण १४ ते १७ मध्ये. तक्रार नवी: नायिका ‘फार शहाणी’. सोसते, समजून घेते, बरोबरच वागते.

ही चूक आमची. तिच्या फुटकळ चुका काढताना सगळ्याच काढल्या. भिंती बांधल्या, पण तिला त्यांवर एकदाही डोकं आपटू दिलं नाही. कागदी लहरी बाईच्या जागी कागदी सोशिक बाई आली, आणि मराठी ऐतिहासिक कादंबरीत तिची आधीच खूप गर्दी आहे.

तेव्हा तिला एक खरी चूक हवी: तिची स्वतःची, त्या वेळी तिला पटलेली, आणि परत न घेता येणारी.

९ ऑगस्ट
चूक सापडली, कागदातच होती. लिहिता न येणारी माणसं नावापुढे निशाणी करत. शेतकऱ्याची नांगर, बाईची बांगडी. दीर फारखतीचा, म्हणजे हक्क सोडल्याचा, कागद आणतो. सांगतो, पोराच्या पोटगीचा आहे. नायक मोहिमेवर, कागद वाचून घ्यायला वाड्यावरचा कारकून आहे, पण त्याला विचारलं तर गोष्ट वाड्यात पसरेल. ती अब्रूच्या भयानं विचारत नाही. बोरू हातात घेते आणि काचेची बांगडी नसलेल्या हातानं कागदावर बांगडी काढते. एक वाटोळं, जरा चपटं, टोकं न जुळलेलं.

त्या वाटोळ्यानं शेताचा हक्क गेला. निर्णयाच्या तक्त्यात चारही रकाने पहिल्यांदा भरले. विशेष म्हणजे हा निर्णय ‘गप्प राहण्याचा’ आहे, मूळ पुस्तकातल्या ११८ पानांसारखाच. फरक कारणाचा आणि किमतीचा.

प्रकरण १४ ते १७ ची दोन प्रकरणं केली. निशाणीचा प्रसंग अडीच पानांचा. लेखिकेनं पाच केला होता, त्यातलं पश्चात्तापाचं स्वगत काढलं. वाटोळं काढून झाल्यावर ती दिराला ताक देते, प्रसंग तिथेच थांबतो.

१४ ऑगस्ट
प्रेमकथा प्रेमकथाच राहिली आहे ना, हे तपासलं. अडसर घालता घालता ओढ विझते, हा धोका असतो. मापं साधी: पहिली भेट पान २० च्या आत (आता पान १३), दोघं एका जागी नसलेली सलग पानं ३० पेक्षा जास्त नाहीत (मोहिमेत ३४ होत होती, मधे एक प्रकरण अलीकडे आणलं). भेटी अकराच्या सात झाल्या, पण प्रत्येक भेट दुपटीनं लांब. निखारा मागायला जाण्याची सबब इथे दोनदा वापरली. दुसऱ्या खेपेस तिच्या घरचा निखारा विझलेला नसतो, वाचकाला ते ठाऊक असतं आणि नायकालाही. तो तिच्या खापरात निखारा घालतो आणि एक शब्द बोलत नाही. वाचकांपैकी तिघांनी समासात इथे उद्गारचिन्ह केलंय.

१७९८ मधली सर्जेराव घाटग्यांची पुण्यातली वसुली पार्श्वभूमीला ठेवली. रतीबाचा वाडा तेव्हा बंद होतो, उधारी बुडते. इतिहास एवढाच, दीड पान. पहिल्या आवृत्तीत नाना फडणीस, दौलतराव शिंदे, बाजीराव सगळे येऊन आपापली वंशावळ सांगून जात होते.

२२ ऑगस्ट
पानांचा हिशेब. गेलेली १२६, नवी ११०. एकूण ३२०, म्हणजे बरोबर २० फॉर्म. एक फॉर्म वाचला. प्रकरणं ३४ ची २९.

दुसऱ्या प्रुफात तीन जागी जुनी नायिका शिल्लक सापडली: एकदा ‘सरदारकन्येच्या तोऱ्यात’, एकदा कपाळावर कुंकू, एकदा सज्जा. जुन्या मजकुरावर नवा बसवताना असं होतंच. उपाय म्हणजे जुन्या पात्राला चिकटलेल्या पंधरा-वीस शब्दांची यादी करून शेवटी प्रत्येक शब्द शोधायचा. यादीत सज्जा नव्हता, आता आहे.

२९ ऑगस्ट
मुखपृष्ठ. जुन्यावर नथ, पैठणी, मेणा. चित्रकाराला दिलेलं टिपण: बाई मध्यम वयाकडे झुकणारी नाही, वीस-बावीसची. अठरा हातांचं जाडंभरडं लुगडं, कासोटा. गाठीची चोळी. कपाळ मोकळं. हात मोकळे. खापरात निखारा, उजेड खालून. नायकाचे फक्त हात.

पहिलं रेखाटन आलं. उजेड छान, हातात हिरव्या बांगड्या. परत पाठवलं.

दुसरं आज आलं. हात मोकळे, कपाळ मोकळं. मागे पर्वतीच्या टेकडीवर पूर्ण चंद्र. चंद्र काढायला सांगितलंय.